भिंगरीच्या फासळ्या

१४ सप्टेंबर
प्रियदर्शनी गेली. बंगळूरला, नोकरीवर. तिची व्हिपेट, शर्यतीच्या सडपातळ जातीची कुत्री आता माझ्याकडे — भिंगरी! जाताना तिच्या गळ्यातला लाल पट्टा काढून पर्समध्ये टाकला. "ह्यो मी नेणार. तू नवीन घे." आणि दोनदा बजावलं, "फासळ्या दिसू देत, राजवीर. ही जातच तशी." मी मान हलवली. लक्ष होतं कुठं? तिच्या डोळ्यांत.

२९ सप्टेंबर
गंगावेशीत दूधकट्ट्यावर भिंगरीला नेलं. तालमीतला सम्राट ओरडला, "पावणं, कुत्रं हाय का सापळा? हिला एक्स-रे लागायचा न्हाय!" सगळा कट्टा हसला. डोकं फिरलं. बोलून बसलो — "दिवाळीपर्यंत पैलवान करतो हिला!"
आजपासून खुराक. धारोष्ण दूध, तूप, मटणाची चरबी.

१८ ऑक्टोबर
पाठ भरली. सम्राट म्हणाला, "आता कशी दिसतीया!" माझीच छाती फुगली.
प्रियदर्शनीने फोटो मागितला. ताजा पाठवायला हात होईना. मोबाईलमधला जुना शोधला, पळतानाचा. उत्तर — नुसता अंगठा. पूर्वी बदाम यायचा.

११ नोव्हेंबर
सकाळपासून उलट्या. पाठीची कमान करून कोपऱ्यात उभी. दवाखान्यात काट्यावर साडेपंधरा किलो! आली तेव्हा बारा होती.
"काय घालत होतास?" सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "अरे, ती कुस्ती खेळणार आहे का? स्वादुपिंड सुजलंय."
"वाचंल न्हवं?"
"आज काही सांगत नाही."
सलाइन चालू असताना तिने माझा हात चाटला. चावली असती तर बरं वाटलं असतं.

१२ नोव्हेंबर
प्रियदर्शनीने परत फोटो मागितला. परत जुनाच पाठवला. हलकट आहे मी!

१६ नोव्हेंबर
घरी आणली. मोजून खाणं, मऊ अंथरूण, थंडीत अंगावर कपडा. डॉक्टर म्हणाले, नीट सांभाळलीस तर बारा-चौदा वर्षं काढेल. त्यातली मी किती खाल्ली?
आईने माझा कॉलेजचा स्वेटर कापून तिला अंगरखा शिवला. "तुला न्हाय तर हिला तरी उपेग झाला!" खरंच की. इंजिनिअरिंगही असंच सोडलं — कुणाच्या तरी एका वाक्यावर चिडून.

२ जानेवारी
रंकाळ्यावर सावकाश चालवलं. सम्राट भेटलाच. "वाळवलीस की रं!" मूठ वळली. भिंगरी थांबून माझ्याकडे बघत होती. मूठ सोडली. "व्हय, वाळवली," म्हटलं.

१८ जानेवारी
साडेबारा किलो. दोन फासळ्या दिसल्या!!
प्रियदर्शनीला सगळं लिहिलं. खुराक, सलाइन, जुने फोटो. आजचा फोटो जोडला. आता ती नातं कायमचं तोडणार. पाठवलं.

१९ जानेवारी
तिचं उत्तर —
"लाल पट्टा हितं माझ्या टेबलावर हाय, राजवीर. आणि तू आधी पाठवलेल्या दोन्ही फोटोंत भिंगरीच्या गळ्यात पण तोच! तीन महिने वाट बघत होते, कधी बोलतोस. आज कुरिअरनं पाठवते. घाल तिला."