दातिवऱ्याचा सागवानी पलंग

मंगळवार, ४ नोव्हेंबर
आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला दोन महिने झाले. डॉक्टरांचं फोनवर पुन्हा तेच. जमिनीवर बसणं-झोपणं बंद, पलंग गुडघ्याच्या उंचीचा हवा. ती उंची मी दिवाळीत गावी गेलो तेव्हाच टेपने घेऊन ठेवली आहे. सतरा इंच. चपलेसकट पावणेअठरा. तेव्हा आई म्हणाली होती, "मापं कसली घेतोस रं, चड्डी शिवतोस का मला?"
पंधरवड्यात ती बोईसरला येते आहे. "पंधराच दिस. जास्त न्हाई." मला तिला कायमची ठेवून घ्यायची आहे. गावात एकटी. न्हाणीत पडली तर दुपारपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही. पण आमच्या घरात पलंग एकच, तोही बारा इंचांचा. मंगल म्हणते, त्यावरून आईंना उठवायला तुमच्या कंपनीतली क्रेन आणावी लागेल.

बुधवार, ५ नोव्हें.
ड्यूटीवरून परस्पर फर्निचरची तीन दुकानं. सगळीकडे भुसा दाबलेली फळी आणि वर सागाचा कागद. बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं, आवाज बद्द. दुकानदार म्हणाला, "काका, घ्यायचाय की नुसता ठोकायचाय?"
खऱ्या सागाचा नवीन पलंग आपल्या आवाक्याबाहेर. तेव्हा मोबाईलवर जुना शोधायचा. मोबाईल मी कुणाकडून शिकलेलो नाही. तसं म्हटलं तर वायरिंग, पंप, वेल्डिंग, ड्रॉइंग वाचणं, काहीच कुणाकडून नाही. हेल्पर म्हणून आलो होतो, आज आयटीआयची पोरं मला विचारतात.

शुक्रवार, ७ नोव्हें. सुट्टी
एक जाहिरात सापडली. राजेशाही पलंग, किंमत निम्मी. फोन केला. "सर, ट्रान्सफर हो गया, कल ही निकलना है. दो हजार टोकन डाल दो, क्यूआर भेजता हूँ."
फोटो मोठा करून पाहिला. उशाशी भिंतीवर प्लगची जागा. दोन उभ्या चिरा! आपल्याकडे कुठल्या घरात असला सॉकेट असतो? फोटो परदेशातला. त्याला कळवलं, आजचं वर्तमानपत्र पलंगावर ठेवून एक फोटो पाठवा. त्याने मला ब्लॉक केलं.
फार बरं वाटलं. सोसायटीच्या ग्रुपवर सविस्तर लिहिलं. वस्तू हाताने चाचपल्याशिवाय एक पैसा द्यायचा नाही. पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. आधी एक रुपया पाठवून नाव बघायचं, आणि ते समोरच्या माणसाशी जुळलं तरच पुढचे. दिवसाउजेडी जायचं, सोबत कुणी हवं. पावती दोघांच्या सहीची. अठरा जणांनी अंगठा दाखवला.
मंगल म्हणाली, "व्याख्यान झालं? पलंग कुठाय?"

रविवार, ९ नोव्हें.
दातिवऱ्याची जाहिरात. फोटो वाकडा, पलंगावर कोंबडी बसलेली. चोराने कोंबडी हाकलून फोटो काढला असता. फोन लावला. बाई होत्या, नाव यमुना.
"पलंग हाय. सागाचा. होडीच्या सुताराने केलेला. या बगायला, नाय आवडला तर चाय पिऊन जा."
"अ‍ॅडव्हान्स?"
"तो कशाला? तुमी कोन, आमी कोन!"
उंची विचारली. त्यांच्या घरात टेप नाही. हाताने मोजून सांगितलं, "एक हात, त्यातून चार बोटं कमी." मंगलच्या हाताने ताडून पाहिलं. पंधरा इंच. वर कापसाची गादी, दबून दोन. सतरा!! मंगलला दोनदा हिशेब सांगितला. ती म्हणे, एकदाच कळला होता.

शुक्रवार, १४ नोव्हें.
आजचं नीट लिहायला हवं.
नऊला टेम्पो. ड्रायव्हर मुन्ना, बनारसकडचा, आमच्या कंपनीचा माल नेतो. पालघर, केळवे करत साडेअकराला दातिवरे. घर बंदराच्या अंगाला, दारात बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. यमुनाबाई साठीच्या, आवाज खणखणीत. नवरा दामोदरभाऊ, बोलणं अगदी कमी. मुलाने नवीन घर बांधलं, त्याला पेटीचा पलंग हवा, म्हणून हा विकायचा.
पलंग पाहिला आणि मी खिशातला टेप काढायलाच विसरलो. असं माझ्या बाबतीत सहसा होत नाही. सांधे होडीसारखे, फटीत पातं जाईना. लोखंडाला खाऱ्या हवेत गंज लागतो, म्हणून आठही बोल्ट पितळी. ठोकला, आवाज भरीव. उंची तीन कोपऱ्यांत पंधरा, चौथ्या पायाशी दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त. जमीनच तेवढी उतरती होती. खाली झोपून तपासलं. यमुनाबाई म्हणाल्या, "भाऊ, निजायचं तर वरती निजा."
नऊ हजार ठरले. घरात रेंज नाही, म्हणून सगळे बोंबलांच्या बांबूंशी जाऊन उभे. एक रुपया पाठवला. स्क्रीनवर नाव आलं: हिरा काशिनाथ.
मी थांबलो. दारावरची पाटी दामोदरची. बाई यमुना. हिरा कोण?
विचारलं. यमुनाबाई म्हणाल्या, "मीच."
"तुम्ही तर यमुना."
"यमुनाच. टाका की पैसे, तुमचा रुपया आला ना माज्याकडं?"
आला होता. त्यांचा फोन वाजलेला मी ऐकला होता. पण नियम तो नियम, सोसायटीत अठरा जणांना सांगितलेला. मी म्हटलं, नाव जुळत नाही तोवर पैसे देता येणार नाहीत, जग फार वाईट आहे, कोण कुणाचा फोन वापरतं, चोरीचाही असू शकतो.
हे शेवटचं बोलायला नको होतं. शेजारच्या दोन बायका मासळी टाकून आल्या. यमुनाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "चोर? माज्याच दारात उभं ऱ्हाऊन मला चोर? उचला तुमचा टेम्पो! पलंग मी पावसात कुजवीन, पन तुमाला देनार नाय."
मुन्ना कानाशी, "चाचा, दे दो ना. आप तो बैंक से भी बड़े बैंक हो."
पलंग गेला, असं वाटलं. आई डोळ्यांपुढे. गादीवरून उठताना भिंत धरणारी.
तेवढ्यात इतका वेळ मुका असलेला दामोदरभाऊ बोलला. "ती हिराच हाय. तिच्या बापाच्या घरची."
लग्नात त्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने यमुना लिहिलं, त्या दिवसापासून ती यमुना. खातं मात्र त्याआधीचं, शाळेच्या दाखल्यावर बापाने काढून दिलेलं. पुढे आधार कार्डही त्याच दाखल्यावरून निघालं. भाऊ म्हणाला, "मासळीचे पैसे त्याच खात्यात. मी कदी हात नाय लावला." शेजारणींना हे ठाऊक नव्हतं. एक म्हणाली, "अगो, तू हिरा? इतकी वर्सं?" यमुनाबाई रागातच हसायला लागल्या.
आधार कार्ड आणलं. फोटो त्यांचा, नाव हिरा. जुळलं. मी हात जोडून माफी मागितली, पैसे पाठवायला फोन काढला. तर त्या म्हणाल्या, "थांबा. आता तुमचं कार्ड दावा."
दाखवलं. फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा, मिशीवाला, गालफडं बसलेली.
"हा कोन? हा तर कोनी उपाशी मानूस हाय. नाय जुळत."
सगळा पाडा हसला. मुन्ना तर खालीच बसला. मिशी कधी काढली, वजन कधी वाढलं, सगळं सांगावं लागलं. मग कुठे त्यांनी मान डोलावली. पैसे गेले, त्यांचा फोन वाजला. त्यांनी बँकेचा बारीक अक्षरांतला मेसेज शेजारणीकडून दोनदा वाचून घेतला. अस्सल बाई. नुसत्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवायचा नसतो, हे त्यांना कुणी न शिकवता कळलेलं.
पावती लिहायला घेतली. लांबी, रुंदी, उंची, पितळी बोल्ट आठ. विकणाऱ्याचं नाव काय लिहू? त्यांनी पदराला हात पुसले.
"हिरा लिवा."
सही त्यांनी शाळेतल्या पोरीसारखी एकेक अक्षर गोल काढून केली. पावती दोनदा वाचली. मग जेवल्याशिवाय सोडेनात. ताजे बोंबील, तांदळाची भाकरी. मुन्ना गंगाकाठचा, त्याने सात खाल्ले. पलंग आईसाठी, हे जेवताना सांगितलं होतं; निघताना सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, पुडी दिली आणि म्हणाल्या, "आयला सांगा, हिराने धाडलेत."

रविवार, १६ नोव्हें.
पलंग जोडला. बोल्ट चिंच लावून घासले, सोन्यासारखे निघाले. लेव्हल लावून पाहिली, बुडबुडा बरोबर मध्ये. मंगलला बोलावून दाखवला. "दिसला बुडबुडा," म्हणाली.
तिला यमुनाबाईंचं सगळं सांगून झालं होतं. आज अचानक म्हणाली, "माझं नाव नाही बदललं. लग्नात तुमचे काका ताट घेऊन आले होते. आईंनी ताट परत नेलं. म्हणाल्या, पोरीचं हाय ते ऱ्हाऊ द्या."
मी तिथेच होतो. मला आठवत नाही.
आईला फोन केला. "तुझं माहेरचं नाव काय गं?"
पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज.
"कशाला रं आता?"
"सहज."
"सोना." मग हसली. लहान मुलगी हसावी तशी. "तुला काय करायचंय? कार्ड काढतोस का?"
एकोणपन्नास वर्षांचा झालो. तिच्या गुडघ्याची उंची मला सुतात माहीत आहे. हे विचारलं नव्हतं.

बुधवार, १९ नोव्हें.
आई आली. पलंगावर हात फिरवला, बोल्ट पाहिले, म्हणाली, "ब्येस हाय." मग त्यावर तिचं गाठोडं ठेवलं आणि खाली चटई अंथरायला सांगितली. "एवढी चांगली वस्तू. झोपून खराब कशाला करायची?"
डॉक्टरांचं सांगितलं. लेव्हलचं सांगितलं. नऊ हजारांचं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. ते ऐकून तर गाठोडंही उचलायला निघाली.
शेवटी मी घासाघीस केली. रात्री पलंग, दिवसा तिची मर्जी. कुरकुरत मान्य. परतीचं तिकीट काढलं का, हे दोनदा विचारलं.

शनिवार, २२ नोव्हें.
सोड्यांचं कालवण. आईने दोनदा घेतलं. हिराची सगळी हकीकत तिला पुन्हा ऐकायची होती. "उपाशी मानूस" इथे आली की डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसते. शेजारच्या बायकांनाही सांगितली, माझं वजन पाच किलो वाढवून.
तिकिटाचं आज विचारलं नाही. मीही काढलेलं नाही. मंगल म्हणते, त्याबद्दल तोंड उघडू नका.

सोमवार, २४ नोव्हें.
ड्यूटीवरून आलो तर आई पलंगाच्या काठावर बसलेली. तांदूळ निवडत होती. पाऊल पूर्ण जमिनीवर, गुडघा काटकोनात. मी दारातच उभा राहिलो. हात न टेकता उठली, ताट मंगलकडे दिलं, पुन्हा बसली.
म्हणाली, "हितनं रस्ता दिसत न्हाई. भित्ताडाकडं तोंड करून किती दिस काढायचे? खिडकीकडं फिरव की ह्यो."
आठ बोल्ट, दोन पाने, तासाभराचं काम. खिडकीखाली फरशी किंचित उतरती आहे, तिथे एका पायाखाली पातळ पाचर लागेल.
"फिरवतो. म्हणजे राहतेस ना?"
"आदी फिरव. मग बघू."
उद्या सकाळची पाळी बदलून घेतली आहे.