अंगी लागलेलं लोह

अहो,

तुम्ही गाढ झोपला होतात म्हणून उठवलं नाही. रक्त तपासायला मी एकटीच निघाले आहे, तेही पायी. मागून धावत येऊ नका.

मागे लोहाची सलाइन लावून आठवडा होतो न होतो तोच तुम्ही मला लॅबमध्ये नेलंत आणि रक्तातल्या लोहाचा तो भलामोठा आकडा अख्ख्या गल्लीला सांगत सुटलात. डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, "हे सलाइनमधलं लोह दिसतंय, अजून अंगी लागायचंय. महिनाभराने तपासा." तुमचं तोंड एवढंसं झालं. मी मात्र हसले नाही. रक्त कमी झाल्याने चक्कर येऊन जिन्यात पडले, त्या दिवशी तुम्ही चपला न घालताच मला दवाखान्यात नेलंत, ते मी पाहिलं होतं.

आता महिना होऊन गेलाय. काल तुम्ही दुकानात असताना मी सगळे पडदे काढले, धुतले आणि स्टुलावर चढून परत लावले. मध्ये एकदाही टेकले नाही. तुमच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

चहा केलाय, गरम करून घ्या. रिपोर्ट संध्याकाळी मिळेल, तो मीच आणीन. या वेळचा आकडा माझ्या अंगचा असेल. गल्लीला तो मीच सांगणार.