आईच्या खोलीतले डास

धाकटे,

आज माझी सकाळची पाळी आहे, म्हणून तुला न उठवताच वॉर्डात निघाले. आई झोपलीय. तुझं ते गवती चहाचं तेल तिच्या हातापायांना लावताना वाटीभर खोबरेलात चार-पाच थेंबच घाल. काल तू नुसतंच चोळलंस, तिच्या मनगटावर लाल चट्टे उठलेत. मी कोरफड लावलीय. तेलाचा वास दोन-तीन तासांत उडतो, तेव्हा संध्याकाळी पुन्हा लाव आणि खिडकीची जाळी ओढून घे.

डास कमी झालेत, हे मान्य. काल आई शेजारच्या काकूंना सांगत होती, "धाकटी आली आणि मला शांत झोप लागायला लागली. त्या डब्यातल्या फवाऱ्याने जीव गुदमरायचा हो." मी तिथेच कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. तो फवारा इतकी वर्षं रोज मीच मारत होते. मला ती एका शब्दाने बोलली नाही. तुला मात्र आल्या आल्या सांगितलं.

फवाऱ्याचा डबा मी टाकून दिलाय, शोधू नकोस.

दिवसा तेल तू लाव, रात्रीचं मी लावेन. त्यात तू मध्ये पडू नकोस. आणि जमलं तर तिला विचार, मला का नाही सांगितलं. मी विचारलं तर "काही नाही गं" म्हणेल. तुला खरं सांगेल.

ताई