छातीपाशी थांबणारा हात

रत्नागिरी,
३ फेब्रुवारी २०२५

ती. दादाजींस,
जियाचा शि. सा. न. आणि जय जिनेंद्र. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि पप्पांसमोर मला बोलता येत नाही, म्हणून पत्र. उन्हाने नाक सोलून निघालंय, बाकी मजेत आहे. जेवण सूर्यास्ताआधीच करते, दादीला सांगा.

इथल्या सर्फिंगच्या शाळेत फळीवर उभं राहणं जमलं. पण त्याआधी फळीवर पालथं पडून हातांनी पाणी मागे ओढावं लागतं. फळीला वेग आला तरच लाट आपल्याला घेते, नाहीतर खालून निघून जाते. माझ्या खालून सगळ्याच जातात. मग सर मागून ढकलतात. महिनाअखेर न ढकलता लाट घ्यायची परीक्षा आहे. जमलं तर इथेच शिकवायला ठेवून घेतील. नाही तर पप्पांनी बजावल्याप्रमाणे तळोद्याला परत, कायमची. त्या विचारानेच रडू येतं. सर म्हणतात, माझा हात पाण्यातून फार लवकर बाहेर येतो. का, ते कळत नाही.

तुमच्या आशीर्वादावर भिस्त ठेवून,
जिया


तळोदा,
११ फेब्रुवारी २०२५

चि. जिया हीस इंदरचंदचे अनेक आशीर्वाद.

माझ्या नातीला कोणी मागून ढकलतो हे वाचून आधी राग आला. मग तुझे पप्पा जेवायला गेल्यावर दुकानातल्या गादीवर पालथा पडलो आणि हात मारून पाहिले. नेमका तेव्हाच बोरदचा हेमकांत खोळींचं कापड घ्यायला आला. शेठले काय व्हयनं म्हणत तो पाणी आणायला धावला.

पण पडल्या पडल्या एक गोष्ट उमगली. माझाही हात छातीपाशी येऊन थांबत होता. बाजाराच्या दिवशी आपण कापड हातावर मोजतो. लांबवलेल्या हातापासून छातीपर्यंत ओढलं की गज झाला, पुढे बोटभरही जाऊ द्यायचं नाही. लहानपणापासून तुला मीच हे शिकवलं. तू समुद्रालाही गज मोजून देते आहेस. पोरी, तिथे दुकान मांडलेलं नाही. हात थेट मांडीपर्यंत ने. सर वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐक, माझं ज्ञान गादीवरचं.

तू स्वतःच्या हाताने लाट घेशील, असं मी सगळ्या बाजारपेठेत सांगून बसलोय. आता माझं नाक तुझ्या हाती.

तुझा अभिमान आधीच वाटू लागलेला,
दादाजी


रत्नागिरी,
१ मार्च २०२५

ती. दादाजींस,
शि. सा. न. वि. वि.

सरांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते खूप हसले आणि म्हणाले, आजोबा बरोबर आहेत. पण हात ऐकेना, छातीपाशी आला की कापडाची घडी घालायला वळायचा. रोज सकाळी नुसता तोच सराव केला. पाय जुळवलेले, मान वर, पाणी थोपटायचं नाही, हात खोल घालून मांडीपर्यंत ओढायचा.

काल परीक्षेत सुरुवातीच्या लाटा गेल्याच. मग एकीने फळी मागून उचलली. एरवी मी तिथे हात मारणं थांबवायचे. काल ओढतच राहिले, आणि फळी आपोआप उताराला लागली. उभी राहिले, थेट वाळूपर्यंत आले. मागे वळून पाहिलं तर सर दूर पाण्यात, हाताची घडी घालून उभे.

मला ठेवून घेतलंय, दादाजी. पप्पांना तुम्हीच सांगा.

आनंदाने हात दुखत असलेली,
जिया


तळोदा,
९ मार्च २०२५

चि. जिया हीस अनेक आशीर्वाद.

पत्र मी भर दुकानात मोठ्याने वाचलं. तुझे पप्पा पाठ फिरवून कापडाची ठाणं रचत राहिले, आणि बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, रत्नागिरीला जायला गाडी कुठून धरायची. दादी तिथल्या मुलांसाठी खाखरे करायला बसली आहे. माझी छाती तर अंगरख्यात मावत नाही.

तेवढ्यात हेमकांत खोळींच्या उरलेल्या कापडासाठी आला. त्याला मी हातावर मोजून दिलं. माझा हात छातीपाशी थांबलाच नाही, थेट मांडीपर्यंत गेला. तो बिचारा घाबरला, शेठची नजर गेली असं वाटलं त्याला, आणि त्याने पुन्हा मोजायला लावलं.

मी पुन्हा तेवढंच मोजलं.

तुझाच,
दादाजी