बर्गे टाकल्यानंतर

रविवार, १२ ऑक्टोबर

आलो एकदाचे. कुरुळीच्या खोलीत खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगची मोरी दिसायची. इथं नदी दिसते. टेम्पोतून सामान उतरायच्या आधीच दिव्या अंगणभर पळून आली आणि चिंचेखाली तिनं आपली भातुकली मांडलीसुद्धा. पाच वर्षांच्या आयुष्यात पोरीला पहिल्यांदा अंगण मिळालं.

घराच्या मागं ऊस, समोर भामा नदी आणि नदीवर बंधारा. जुना आहे. सिमेंट काळं पडलंय, काही ठिकाणी सळया बाहेर आल्यात. नदीत ओळीनं खांब, त्यांच्यावर एक अरुंद स्लॅब, कठडा नाही. खांबांच्या मधून पाणी मोकळं वाहतं. पलीकडचा चढ चढला की प्रज्वलची कंपनी. पुलावरून फिरून जायचं तर दोन बस बदलाव्या लागतात.

घरमालकीण शालनमावशी. पन्नाशी ओलांडलेल्या, मोकळं कपाळ, मऊ बोलणं. नवरा, यशवंतराव, तरुणपणीच गेले. मुलगा रणजीतदादा चाकणला गॅरेज चालवतो, तिथंच राहतो. मावशींनी आल्या आल्या पिठलं-भाकरी आणून दिली आणि म्हणाल्या, "पोरी, तुझ्या मालकाला बंधाऱ्यावरनं जाऊ दे. जवळ पडतंय."

प्रज्वल खूश. मी पण. परभणीला बालवाडीत शिकवायचे तेव्हापासून रोज लिहायची सवय आहे, कुरुळीत ती सुटली होती. इथं होईल असं वाटतं.

बुधवार, १५ ऑक्टोबर

आज वस्तीवरच्या माणसांनी बर्गे टाकले. बर्गे म्हणजे लोखंडी फळ्या. खांबांना खाचा असतात, त्यांत एकावर एक सोडत जायच्या. दोन रांगा, मधे चिखलमाती ठासायची. पाऊस संपला की हे करतात, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत पाणी अडून राहतं. रणजीतदादाही आला होता. शेवटचा बर्गा बसल्यावर त्यांनी नारळ फोडला, पण कुणी हसलं-बोललं नाही. हात धुतले आणि सगळे घरी गेले.

संध्याकाळपर्यंत बंधाऱ्याच्या खालची नदी आटली. दगड उघडे पडले. वरच्या अंगाला पाणी चढतंय, हिरवट, अजिबात न हलणारं.

एक गोष्ट लक्षात आली. ज्यांची शेतं पलीकडं आहेत तेही आता मोटारसायकल काढून पुलावरून फिरून जातात. मावशींना विचारलं. शेवाळाला भितात, म्हणाल्या. प्रज्वल स्लॅबवरूनच जातो. पलीकडं पोचला की हात हलवतो. दिव्या दारातून हलवते.

शनिवार, १८ ऑक्टोबर

धनत्रयोदशी. प्रज्वल सकाळी रात्रपाळीवरून येताना पडला. मी दारात पणत्या धूत होते. तो स्लॅबच्या मधोमध होता, मी खाली पाहिलं, परत वर पाहिलं तर स्लॅब रिकामा. ओरडत पळाले. काठावर पोचेपर्यंत तो बर्ग्याला धरून वर येत होता.

लागलं काहीच नाही. चपला गेल्या. मावशी माझ्या आधी तिथं पोचल्या होत्या, कोरडा टॉवेल घेऊन.

चहा दिला तर त्यानं कप नुसता हातात धरून ठेवला. घाबरलाय. झोपू दिलं.

सोमवार, २० ऑक्टोबर

पहिली आंघोळ. प्रज्वल ऊन पाणी अंगावर घेईना. हात लावला तर अंग माठासारखं गार. ताप नाही. डॉक्टरकडं जाऊ म्हटलं तर म्हणाला, "कशाला? मला काय बी झालं न्हाई."

मी बघतच राहिले. आम्ही परभणीकडचे. तो तिकडचंच बोलतो, 'करायलोय, जायलोय', कंपनीतली पोरं त्यावरून चिडवतात. 'काय बी झालं न्हाई' हे त्याचं बोलणं नाही. हे इथल्या वस्तीचं बोलणं आहे.

दिव्या त्याच्या मांडीवर बसत नाही. बाबांना गाळाचा वास येतो म्हणते. येतो. मलाही येतो.

बुधवार, २२ ऑक्टोबर

पाडवा. औक्षणाचं ताट केलं, पाट मांडला. प्रज्वल घरात नव्हता. मावशींच्या स्वयंपाकघरात होता. भिंतीला टेकून, एक पाय दुमडून, रोज तिथंच बसत असल्यासारखा.

"शाले," तो म्हणाला, "कोरड्यास वाढ."

मावशींनी पिठलं वाढलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. मग त्यांनी निरांजन लावलं आणि त्याला ओवाळलं. कपाळाला कुंकू होतं त्यांच्या. हातात नव्या हिरव्या बांगड्या.

मी दारात उभी होते. दोघांपैकी एकानंही माझ्याकडं पाहिलं नाही.

माझं ताट तसंच आहे. निरांजन विझलं.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

शेजारच्या गोजाबाईंना घाटावर गाठलं. धुणं पिळता पिळता त्या खालच्या आवाजात बोलल्या. यशवंतराव बर्गे टाकताना गेले. रणजीत तेव्हा रांगत होता. मढं मिळालं नाही. पुढं उन्हाळ्यात बर्गे काढले, तरी मिळालं नाही. तेव्हापासून बर्गे टाकले की पाणी भरून फळ्यांवरून सांडेपर्यंत त्या स्लॅबवर कुणी पाय ठेवत नाही.

मग आम्हाला का नाही सांगितलं, विचारलं.

"सांगनार कोन? शालनच्या घरात ऱ्हाताय तुमी. तुमच्याआधी बी भाडेकरू आनलं व्हतं तिनं. समदी तरणी जोडपी. पर ती शहाणी निघाली, पुलावरनं जायची."

मी म्हटलं, माझा नवरा कुठाय मग?

गोजाबाईंनी पिळा बादलीत टाकला. पाण्याकडं बघितलं नाही. घाईघाईनं निघून गेल्या.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर, दुपार

बंधाऱ्याच्या खालच्या कोरड्या पात्रात उतरले. ऊन कडक होतं. मधल्या दोन खांबांमधल्या गाळ्यापाशी आतून ठकठक येत होती. थांबत होती, परत येत होती.

लोखंडाला कान लावला.

"सपना. किती येळ झाला. कामून येईनास?"

प्रज्वल. आमच्याकडचा, खराखुरा. मी बर्ग्यावर हात आपटले. सोलवटले. म्हणाले, काढते तुला, बर्गे काढायला लावते.

नको म्हणाला. बर्गे काढले की वाहून जाईन, मग सापडणार नाही. थंडी वाजायली म्हणाला. सोडीनात म्हणाला.

"कंपनीसारखंच हाय इथं. पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडू देईनात."

मी विचारलं, कोण देईना? नुसती ठकठक.

शुक्रवार, संध्याकाळ

रणजीतदादाला फोन करून बोलावलं. सगळं सांगितलं. त्याला वाटलं प्रज्वलच्या डोक्यावर परिणाम झालाय. हॉस्पिटलला नेऊ म्हणाला, चांगलं बोलला.

मग तो माणूस बाहेर आला. दादाला खालपासून वरपर्यंत बघितलं. "रणज्या," म्हणाला, "थोराड दिसाय लागलास की रं माझ्यापरास."

दादा ओट्यावर बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. माझ्याकडं न बघता गाडी काढून गेला. फोन बंद.

मी ठरवलंय. यशवंतरावांना परत पाठवायचं. तो स्लॅबवर जाऊन उभा राहतो, पाण्याकडं बघत. मागून गेलं तर —

अंग प्रज्वलचं आहे. चेहरा त्याचा आहे. हात उचलेल का माझा?

शनिवार, २५ ऑक्टोबर, सकाळ

गेले होते. पाठीशी पोचले. हात वर केले.

तो वळला नाही. हळूच म्हणाला, "ढकल. पर मी बुडलो की हे अंग बी बुडंल. मग तुझा मालक कशात येनार?"

परत आले.

खोटं बोलत असेल. नसेल तर?

आज दिव्याला घेऊन निघायचं. आधी तिला आईकडं सोडायचं, मग माणसं घेऊन यायची. बॅग भरली. मावशींना कळू द्यायचं नाही.

दुपार

आंघोळ करून आले तर दिव्या खोलीत नाही. फोन नाही. दाराला बाहेरून कडी.

ओरडले. गोजाबाई अंगणात आल्या, बघितलं, पदर तोंडाला लावून आत गेल्या. दार लावून घेतलं.

मावशी दाराबाहेर बसल्यात. रडतायत. म्हणतात, पोरी, माझा मला मिळालाय, तुझा तुला मिळू दे. एवढ्या वर्षांनी आलाय, त्याला नको धाडू. दुसरं कुणीतरी खाली जाऊ दे, त्याच्या अंगात तुझा वर येईल.

दुसरं कोण —

खिडकीतून दिसतंय. दिव्या स्लॅबवर आहे. तो तिचं बोट धरून चाललाय. परवा जवळ जात नव्हती ती त्याच्या. आता हसतेय.

गज हलत नाहीत. वरवंटा मारला. हलत नाहीत.

मधोमध थांबले. त्यानं बोट सोडलं. तो मागं सरला. ती एकटी —

ती त्याच्यासाठी गेलेली नाही. पाण्याकडं बघून बोलतेय ती. वाकून. कुणीतरी खालून बोलतंय तिच्याशी. मला इथंपर्यंत ऐकू येतंय, प्रज्वलचा आवाज आहे, आमच्याकडचा, लाडाचा. ये म्हणतोय. बाबाकडं ये म्हणतोय. प्रज्वल, नको रे. ती आपली —

दिव्यानं चपला काढल्या. नीट जोडून ठेवल्या, मी शिकवलं तशा. काठावर बसली. पाय पाण्यात सोडले. पाण्यातून दोन हात वर आले आणि ती त्यांच्याकडं आपले हात