मुकादमाचे गुडघे

प्रिय ठोंब्या,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. पत्र कट करता येत नाही. फाडता येतं म्हणा, पण चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर लावण्यातच तुझे दोन दिवस जातील, तोवर राग उतरेल.

मी ठणठणीत आहे. शिवणाचं मशीन कुरकुरतं, मीही कुरकुरते, आमचं जमतं. चर्चमध्ये नव्या पाळकबाई आल्यात, तुझ्याहून लहान. त्यांनी एक काढलंय, वैऱ्यासाठी रोज प्रार्थना करायची, तीही नाव घेऊन. बाकीच्या बायकांना वैरी शोधताना घाम फुटला. माझा तयारच होता. ज्यानं बांधलेल्या परांचीवरून पडून तुझे बाबा गेले आणि चौकशीत ज्यानं ते पिऊन आले होते असं सांगितलं, तो मुकादम. तुझ्या बाबांना खोकल्याचं औषधसुद्धा चढायचं! तो तिथे बसतो म्हणून तू नऊ वर्षं चर्चची पायरी चढला नाहीस, घरीही येत नाहीस.

पहिले आठ दिवस मी मागितलं, प्रभू, त्याला खरूज होऊ दे. पाळकबाई म्हणाल्या, मावशी, चांगलं मागायचं. मग मी ‘त्याचं भलं कर’ एवढंच पुटपुटून मोकळी व्हायला लागले. त्यांनी तेही पकडलं. नेमकं मागा म्हणाल्या. आता नेमकं मागायचं तर त्याला काय हवंय ते कळायला नको? त्याची सून पडदे शिवायला आली तेव्हा तिला खोदून खोदून विचारलं. गुडघे गेलेत, झोप लागत नाही. मी गुडघे मागितले, झोप मागितली. रोज, दातओठ खात. चार महिन्यांनी लक्षात आलं, दातओठ खायचं मी विसरायला लागलेय. माझाच मला राग आला.

सुनेनं त्याला सांगितलं असणार. परवा काठी टेकत आला, दारातच उभा राहिला. मी लगेच खुर्ची दिली नाही, एवढी काही मी संत झालेली नाही. म्हणाला, “वहिनी, तो प्यायला नव्हता. परांचीची गाठ माझी होती, घाईत मारलेली.” मी आत गेले, मशीनवर डोकं टेकून रडले, तोंड धुतलं आणि खुर्ची घेऊन बाहेर आले. माफ केलं म्हणाले. आवाज फाटला, पण बोलले. मग सांगितलं, खोटं चारचौघांत बोललात, खरंही चारचौघांतच बोला.

या रविवारी दहा वाजता तो मंडळीसमोर बोलणार आहे. आधाराशिवाय त्याला उभं राहता येत नाही, घरच्यांना लाज वाटते, म्हणून त्याचा हात मी धरणार आहे. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हा सगळा खटाटोप. तू माफ कर असं म्हणत नाही. मला चार महिने लागले आणि तू माझ्याहून हट्टी. पण बाबांवरचा डाग पुसला जाताना त्यांचा मुलगा तिथे हवा. मागच्या बाकावर बस, तोंड पाडून बस, तुला ते शोभतंही. तो बोलेल तेव्हा सगळे त्याच्याकडे बघतील. मी दाराकडे बघत असेन.

तुझीच, अजूनही कान पिळायची ताकद असलेली,
आई