एकदम क्लिअर आवाज

९ सप्टेंबर
अखेर माझ्या ज्ञानाची कदर झाली. दूध संस्थेच्या ऑनलाइन वार्षिक सभेचं साउंडचं काम मला! अध्यक्ष आणि शहरातले सभासद कोल्हापूरच्या ऑफिसात, आम्ही गडमुडशिंगीचे चाळीस जण इथल्या पत्र्याच्या हॉलमध्ये. गेल्या वर्षी खुर्च्या उडाल्या, म्हणून ही सोय. सात नंबरचा ठराव आमचं दूध संकलन केंद्र बंद करण्याचा आहे. बायको, शिवलीला, म्हणाली, चार म्हशींचं दूध घिऊन मी रोज चार किलोमीटर जाऊ व्हय? म्हटलं, आपल्याकडे ठराव ओरडून होतात. चाळीस जण 'नामंजूर' ओरडलो की विषय संपला. साउंड माझ्याच हातात आहे.

१३ सप्टेंबर, संध्याकाळी
टेस्टिंग. सचिव उदयसिंह शहरातून बोलले. त्यांचा आवाज आमच्या स्पीकरमधून निघाला, आमच्याच माइकात शिरला आणि सेकंदाने त्यांना परत ऐकू गेला. म्हणाले, माझंच भूत बोलायलंय की! एको कॅन्सलर मागवला. संकल्प : मॅन्युअल पूर्ण वाचणे.

१८ सप्टेंबर
बॉक्स आला. तेरा पानं वाचली. फार हुशार यंत्र. तिकडून आलेल्या आवाजाची एक कॉपी स्वतःकडे ठेवतं. तो आवाज हॉलमध्ये कसा घुमतो, भिंतींवरून किती उशिरा परततो, हे ऐकून ऐकून शिकतं. मग माइकात जे येईल त्यातून तेवढंच वजा करतं. उरतो तो आपला आवाज. शिवलीलाला हे समजावताना ती मध्येच काहीतरी म्हणाली. बहुधा कौतुक.
पान १४, 'दोन्हीकडचे एकदम बोलले तर' : उद्या.

२१ सप्टेंबर
पत्र्यामुळे आवाज फार वेळ घुमतो, थोडा एको उरतोच. त्यावर 'सप्रेशन' आहे, उरलंसुरलं दाबून टाकतं. फुल केलं. एको साफ! टेस्टिंगला चिमणाबाई होत्या, केंद्राच्या सगळ्यात जुन्या सभासद. उदयसिंह बोलत असतानाच त्या ओरडल्या, केंद्र बंद करून तर बघ! उदयसिंहांना व्हिडिओत त्यांचं तोंड हलताना दिसलं. आवाज मात्र शून्य. ते स्क्रीनच्या जवळ सरकले. मग हळूच विचारलं, म्हातारी कायतरी बोलली व्हय?
अर्ध्या तासात खुद्द अध्यक्षांचा फोन. सेटिंगला हात लावायचा न्हाय, राजशेखर. बेस्ट हाय. एवढा मोठा माणूस, माझं नाव घेऊन बोलला! अंगावर काटा आला. आनंदाचाच असणार.

२५ सप्टेंबर
अध्यक्षांनी तिकडे शंभर खुर्च्या आणि चार माइक मागवलेत. शहरात आपले एवढे सभासद आहेत हे ठाऊक नव्हतं. संस्था वाढतेय.
चिमणाबाई दारात येऊन म्हणाल्या, राजशेखरा, त्यो डबा माणसं गिळतोय. मी हसलो. म्हाताऱ्या माणसांना टेक्नॉलॉजीची भीती वाटते. त्या गेल्यावर दाराला कडी घातली. उगाच.
शिवलीला दोन दिवस बोललेली नाही. घर कसं शांत.
पान १४ : उद्या नक्की.

२८ सप्टेंबर, रात्री
ठराव सात. अध्यक्षांनी विचारलं, मंजूर? आमच्या स्पीकरमधून शंभर जणांचं 'मंजूर, मंजूर' धो धो कोसळलं. थांबेचना. आम्ही चाळीस जण उभं राहून 'नामंजूर' ओरडलो. चिमणाबाईंनी खुर्ची आपटली. स्क्रीनवर अध्यक्ष आमच्याकडे बघत शांत हसत होते. आमचे घसे बसले तेव्हा तिकडचेही थांबले. मी कर्तव्य म्हणून माइकात विचारलं, अध्यक्षसाहेब, आमचा आवाज येतोय का?
येतोय की! एकदम क्लिअर, ते म्हणाले. गडमुडशिंगीचा विरोध न्हाय. ठराव एकमतानं मंजूर.
प्रोसिडिंगमध्ये उत्तम ध्वनिव्यवस्थेबद्दल माझं अभिनंदन आहे.
आत्ता पान १४ वाचलं. 'दोन्हीकडचे एकदम बोलले आणि सप्रेशन फुल असेल, तर इकडचा आवाज पूर्ण दाबला जाऊ शकतो.' हे पान १ वर छापायला हवं होतं.

१ ऑक्टोबर, सकाळी
केंद्राला कुलूप. शिवलीला पावणेपाचलाच किटल्या घेऊन निघाली. दारात तिला थांबवून पान १४ नीट समजावलं. चूक माझी नाही, यंत्राचा स्वभावच तसा, हे पटवलं. ती जाताना काहीतरी म्हणाली. काय ते कळलं नाही, मी बोलत होतो.